हिंगे: फुलांवरचे पट्टेदार भुंगेरे आणि त्यांचे फोड

तूर, मूग, भेंडी, बाजरी फुलावर आली की हिंग्यांबद्दलची पत्रे सुरू होतात. कुणाला पिकाची काळजी, कुणाला हातावर आलेल्या फोडांची. या वेळचे सगळे प्रश्न याच एका कुळाभोवतीचे आहेत. या कुळाचे शास्त्रीय नाव मेलॉइडी. जगभरात त्याच्या सुमारे तीन हजार जाती आहेत आणि त्या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे त्यांच्या रक्तातले कँथरिडिन हे फोड आणणारे रसायन.

प्रश्न (बार्शी, जि. सोलापूर): लवकर येणारी तूर फुलावर आहे. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले मोठे भुंगेरे फुले कुरतडून खात आहेत. एका झाडावर सहा-सात, शेजारच्या झाडावर एकही नाही. दुकानदार दोन औषधे एकत्र करून मारा म्हणतो. मारू का?

उत्तर: सगळ्या शेतावर मारू नका. दोन औषधांचे मिश्रण तर नकोच.

वर्णन हिंग्यांचेच आहे. ही जात हायक्लियस पुस्टुलाटस, जुन्या पुस्तकांत हिला मायलॅब्रिस पुस्टुलाटा म्हटलेले सापडेल. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. काळ्या पंखांवर दोन नागमोडी आडवे पट्टे आणि खांद्याशी त्याच रंगाचा एकेक गोल ठिपका. खात्री करायची असेल तर मानेकडे बघा. डोके रुंद, छाती त्याहून अरुंद आणि मधे बारीक मान. साध्या भुंगेऱ्याचे डोके छातीत खोचलेले असते, याचे तसे नसते. पंखही चिवट कातड्यासारखे मऊ असतात, शेणकिड्यासारखे टणक नसतात. आणि हात जवळ नेला तरी तो पळायची घाई करत नाही. अंगातल्या विषावर त्याचा एवढा भरवसा असतो.

नुकसानीचा हिशेब करताना तुरीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. तुरीची दहातली आठ-नऊ फुले भुंगेरा नसतानाही गळतात. जेवढ्या शेंगा झाड पोसू शकते त्याच्या कितीतरी पट फुले ते काढते. त्यामुळे खाल्लेले प्रत्येक फूल म्हणजे गेलेली शेंग असे नसते. ओल असेल आणि फुलोरा लांबणारा असेल तर झाड पुढच्या बहरात बरीचशी भरपाई करते. फटका बसतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलणाऱ्या आयसीपीएल ८७ सारख्या लवकर येणाऱ्या वाणांना. त्या दिवसांत हिंगे भरात असतात आणि आसपास फुललेले दुसरे पीक कमी असते, म्हणून सगळा जथा तुमच्याच शेतात उतरतो. मध्यम आणि उशिरा येणारी तूर फुलते तोवर त्यांची संख्या ओसरू लागलेली असते. मूग-उडदाचा फुलोरा मात्र थोड्या दिवसांत उरकतो. तिथे भरपाईला वाव कमी, म्हणून तिथे जास्त जागरूक राहायचे.

एका झाडावर सात आणि शेजारी शून्य, ही तुमची नोंद फार कामाची आहे. हिंगे घोळक्याने खातात. बहुतेक वेळा बांधालगतच्या, पडीक जमिनीला लागून असलेल्या ओळींत सुरुवात होते. म्हणजे सगळे शेत भिजवायची गरज नाही, घोळके गाठायचे. वेचणी अशी करा:

एक रुंद तोंडाची बादली किंवा कापलेला पाच लिटरचा कॅन घ्या. त्यात दोन लिटर पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन चमचे. साबण विसरू नका. नुसत्या पाण्यावर भुंगेरा तरंगतो आणि कडेला लागून वर चढतो. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, पाणी त्याच्या श्वासछिद्रांत शिरते आणि तो बुडतो. बादली फांदीखाली धरा आणि फांदीला हलकेच टिचकी द्या. दचकलेला हिंगा पाय आखडून खाली पडतो, नेमका बादलीत. वेळ उजाडल्यापासून उन्हाचा चटका सुरू होईपर्यंत. गार अंगाने त्यांना उडता येत नाही. दहा-अकरानंतर हेच काम कराल तर निम्मे उडून जातील आणि मानेवर, कोपरावर येऊन बसतील.

हातात रबरी मोजे हवेत. सुती मोजे ओले होतात आणि विष कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा मोजे नसलेले बरे. पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याचे बटण लावलेले. पिशवीत भरून चिरडायचे नाहीत. मेलेले भुंगेरे बांधावर ओतू नका. फूटभर खड्ड्यात पुरा, कारण कँथरिडिन वाळलेल्या भुंगेऱ्यातही तसेच टिकते. बादलीतले पाणीही त्याच खड्ड्यात. तीन-चार दिवस रोज सकाळी फेरी मारावी लागते, कारण पडीकातून नवे येत राहतात.

फवारणीचेही दुखणे हेच आहे. आज मारले तर आजचे मरतील, परवा बाहेरून दुसरे उतरतील. मधल्या काळात मधमाश्या आणि घाटे अळीवर जगणारे मित्रकीटक मात्र गेलेले असतात. वेचणी अगदीच हाताबाहेर गेली तर ज्या ओळींत घोळके आहेत तेवढ्याच ओळींवर, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, एकच औषध मारा. बाटलीच्या लेबलवर तुरीचे नाव छापलेले असले पाहिजे आणि मात्रा लेबलवरचीच. निंबोळी अर्क वाईट नाही, पण तेवढ्याने भरलेला घोळका उठेल अशी आशा धरू नका.

प्रश्न (जुन्नर, जि. पुणे): शेतात काम करताना मनगटावर भुंगेरा चिरडला. तेव्हा काहीच वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याने भरलेला मोठा फोड. घरच्यांनी खोबरेल तेल लावले तर बाजूला आणखी दोन आले. असे का?

उत्तर: तेलामुळेच. कँथरिडिन थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र उतरते. कातडीवर राहिलेले विष तेलाने पसरवले गेले.

हिंगा चावत नाही, डंखही मारत नाही. दाबला गेला की तो पायांच्या सांध्यांतून, गुडघ्याच्या जागी, पिवळसर रक्ताचे थेंब सोडतो. उत्तरेत याला तेलनी म्हणतात ते या तेलकट थेंबांवरून. थेंब लागला तेव्हा दुखत नाही आणि तिथेच फसगत होते. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना ज्या टाचण्यांनी धरून असतात त्या टाचण्या हे रसायन सोडवते. पेशी सुट्या होतात, मधे पाणी भरते, फोड दिसायला काही तासांपासून एक दिवस लागतो. एक बरे की ही उलथापालथ वरच्या थरातच होते. फोड चिघळला नाही तर व्रण राहत नाही. आठवडा-दहा दिवसांत बरे होते, काळसर डाग मात्र काही आठवडे रेंगाळतो.

भुंगेरा अंगावर बसला तर फुंकर मारून किंवा कागदाच्या कडेने उडवा. थप्पड मारू नका. चिरडला गेलाच तर लगेच साबणाचा भरपूर फेस करून धुवा. चोळायचे नाही, फेस फिरवून वाहत्या पाण्याखाली सोडायचे, असे तीन-चार वेळा. नुसते पाणी ओतून उपयोग नाही. मग तोच हात डोळ्याला लागणार नाही हे बघा आणि घातलेला सदरा वेगळा धुवा. फोड आलाच तर फोडू नका. वरची कातडी हीच त्याची सर्वात चांगली पट्टी. गार पाण्याची घडी ठेवा, घासणारी बाही असेल तर सैल जाळीदार पट्टी बांधा. आपोआप फुटला तर स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी. चुना, राख, रॉकेल, हळद-तेल यांपैकी काहीही नको.

रस डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फोड तोंडावर, जननेंद्रियावर किंवा फार मोठ्या भागावर असतील तर घरगुती उपचारात वेळ घालवू नका.

प्रश्न (कोथरूड, पुणे): पावसाळ्यात रात्री दिव्याला येणाऱ्या नारिंगी-काळ्या बारक्या किड्यामुळे मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा पट्टा उठला. हाच का तो हिंगा?

उत्तर: नाही. तो रोव्ह भुंगेऱ्यांपैकी पेडेरस, ज्याला बरेच जण ॲसिड फ्लाय म्हणतात. तो जेमतेम सात ते दहा मिलिमीटर लांब, मुंगीसारखा बारीक. पंखांची झाकणे आखूड, त्यामुळे पोटाचा नारिंगी भाग उघडा दिसतो. त्याचे विष वेगळे, पेडेरिन. ते तो स्वतः बनवतही नाही, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात.

फोडांतही फरक असतो. हिंग्याचा फोड मोठा, पाण्याने टपोरलेला आणि बऱ्याचदा फारसा न दुखणारा. पेडेरसचा पट्टा लाल, आग होणारा, त्यावर बारीक पुटकुळ्या आणि जिथे बोट फिरले त्या रेषेत लांबलेला. तो एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून किडा कधी चिरडला हे आठवतही नाही. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन जुळे डाग उठतात. धुण्याची पद्धत तीच, साबण आणि पाणी. मुलाच्या उशीवरची ट्यूबलाइट झोपण्याआधी बंद करा, खिडकीला जाळी लावा, अंथरूण झटकून घ्या.

प्रश्न (शिरूर, जि. पुणे): शेळ्या आणि एक घोडी आहे. लसूणघासावर आणि बाजरीच्या कणसांवर हिंगे दिसतात. चारा घालावा का?

उत्तर: हिंगे झटकून घालावा. घोडीच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको.

कँथरिडिन पोटात गेले की तोंडापासून मूत्राशयापर्यंत जिथे जिथे जाईल तिथले अस्तर सोलवटते. घोडा या बाबतीत फार नाजूक. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी विषही त्याला मारू शकते. म्हणजे चारशे किलोच्या घोडीला जेमतेम चारशे मिलिग्रॅम. एका भुंगेऱ्यात जातीनुसार आणि नर-मादीनुसार मिलिग्रॅमच्या अंशापासून काही मिलिग्रॅमपर्यंत विष असते, तेव्हा ओंजळभर भुंगेरे चाऱ्यात गेले तर काय होईल याचा अंदाज येईल. गाई-शेळ्या थोड्या काटक, पण त्यांनाही बाधते.

अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा या भागांत लसूणघासाच्या वाळल्या गठ्ठ्यांतून घोडे दगावण्याचा हा जुना प्रश्न आहे. तिथले कारण कळले की आपल्याला काय करायचे ते कळते. तिकडे यंत्र एकाच फेरीत घास कापते आणि रोळांमध्ये चेपते, म्हणजे लवकर वाळतो. घोळक्यातले भुंगेरे त्यातच चिरडून गठ्ठ्यात बांधले जातात. आपल्याकडे विळ्याने कापलेल्या घासात हा धोका कमी, कारण जिवंत हिंगे सुकत चाललेल्या घासावर थांबत नाहीत. तेव्हा कापलेला घास तासाभरासाठी तिथेच पातळ पसरून ठेवा, मग पेंढी उचलून दोनदा झटका. आपल्याकडचे रोळ म्हणजे कडबाकुट्टी. झटकण्याआधी चारा कुट्टीत घातलात तर भुंगेऱ्यांचे तुकडे सगळ्या चाऱ्यात मिसळतील आणि मग निवडणे अशक्य. वाळवून ठेवल्याने विष उडून जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

लसूणघास फुलावर यायच्या आत कापलात तर निम्मे काम आपोआप होते, हिंगे फुलांसाठीच येतात. बाजरीवर येणारे हिंगे बहुधा वेगळ्या जातीचे, निळसर-हिरवी चकाकी असलेले असतात. ते कणसावरचा फुलोरा आणि दुधाळ दाणे खातात आणि रात्री उजेडाकडे येतात. गोठ्यातला दिवा रात्रभर जळत ठेवत असाल तर गव्हाणीत काय पडते ते सकाळी बघा.

पोटदुखीने लोळणे, लाळ गळणे, पाण्यात सारखे तोंड बुडवणे, थोडी थोडी आणि लालसर लघवी ही लक्षणे दिसली तर चारा लगेच काढा आणि पशुवैद्याला बोलवा. याला उतारा नाही. शिरेतून पाणी देणे, वेदना कमी करणे, विष शोषले जाऊ नये म्हणून कोळशाची पूड देणे, एवढेच हातात असते आणि ते जितके लवकर तितके बरे.

प्रश्न (वसई, जि. पालघर): गच्चीवर जास्वंद आणि भेंडीच्या कुंड्या आहेत. रोज तीन-चार हिंगे फुले खातात. कोणते औषध?

उत्तर: तीन-चारांसाठी औषध कशाला? सकाळी चहाआधी साबणपाण्याचा डबा आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन जा, ब्रशने डब्यात ढकला. भेंडी खायची असेल तर फवारणी नकोच.

प्रश्न (राहुरी, जि. अहिल्यानगर): पिकावर फक्त मोठे भुंगेरे दिसतात, अळ्या कधीच दिसत नाहीत. त्यांची अंडी कुठे असतात? ती उन्हाळ्यात नांगरून मारता येतील का?

उत्तर: अळ्या पिकावर नसतातच. त्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खात असतात आणि या भुंगेऱ्याबद्दल आमचे मत सौम्य असण्याचे कारण तेच.

मादी मातीत छोटे बीळ करून अंड्यांचा पुंजका घालते आणि वर माती लोटते. एका पुंजक्यात शंभराच्या आसपास, जातीनुसार कमीजास्त अंडी. अंड्यातून निघणारी पहिली अळी चपळ, लांब पायांची, प्रत्येक पायाच्या टोकाला तीन नख्या असल्यासारखी दिसणारी. हिचे काम एकच, शोधणे. भेगांतून, ढेकळांखालून फिरत ती नाकतोड्याने मातीत पुरलेली अंड्यांची कुपी गाठते. सापडली की जिंकली, नाही सापडली तर उपाशी मरते. बहुतेक जणी मरतात, म्हणूनच इतकी अंडी. कुपीत शिरलेली अळी कात टाकते आणि ओळखू येत नाही. पाय आखूड, अंग पांढरे, मऊ, वाकडे, हुमणीच्या पिल्लासारखे. आता चालायची गरज नाही, आजूबाजूला अन्नच अन्न. खाऊन झाले की ती आणखी एक रूप घेते, टणक कवचाचे, जवळजवळ पाय नसलेले, निपचित. कोरडे महिने या कवचात काढते, मग पुन्हा कात, मग कोष, मग भुंगेरा. एकाच अळीची इतकी वेगळी रूपे बघून फ्रेंच कीटकअभ्यासक झां आंरी फाब्र यांनी १८५७ मध्ये या प्रकाराला हायपरमेटामॉर्फोसिस असे नाव दिले. हे निरीक्षण त्यांनी मधमाश्यांच्या बिळात वाढणाऱ्या दुसऱ्या जातीवर केले होते. या कुळातल्या सगळ्यांनाच नाकतोडे लागत नाहीत, काहींच्या अळ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या घरट्यांवर जगतात.

आता नांगरटीचे. खोल नांगरटीने हिंग्यांची कवचे उघडी पडतात, तशाच नाकतोड्यांच्या कुप्याही, आणि दोन्ही उन्हाने व पाखरांनी संपतात. नाकतोड्यांसाठी बांध खरवडत असाल तर जरूर करा. पण केवळ हिंगे मारायला पडीक उकरू नका. ज्या वर्षी नाकतोडे जास्त, त्याच्या पुढे हिंगे वाढण्याचा संभव जास्त. हिंग्यांची गर्दी दिसली की गेल्या हंगामात बांधावर काय चालले होते ते आठवून बघा.

प्रश्न (मिरज, जि. सांगली): बाजारात एक जण वाळलेले पट्टेदार किडे ताकद वाढवणारे म्हणून विकतो. केसांसाठीही तेल देतो. खरे किती?

उत्तर: एकही किडा पोटात जाऊ देऊ नका. युरोपात स्पॅनिश फ्लाय या नावाने विकला जाणारा पदार्थ याच कुळातल्या हिरव्या भुंगेऱ्याची पूड होता. ती माशी नव्हे, भुंगेराच. फ्रेंच रसायनतज्ञ पिएर रोबिके यांनी १८१० मध्ये त्याच भुंगेऱ्यातून कँथरिडिन वेगळे केले. ज्याला लोक ताकद समजतात ती मूत्रमार्गाच्या अस्तराची जळजळ असते. अल्जीरियातल्या फ्रेंच सैनिकांना बेडूक खाल्ल्यावर तासन्‌तास वेदना देणारी ताठरता आल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातली आहे. बेडकांनी हिंगे खाल्ले होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बेडकांना असे भुंगेरे खाऊ घालून विष खरोखरच बेडकाच्या मांसात उतरते हे दाखवले. त्यापुढची पायरी म्हणजे रक्ताची लघवी, मूत्रपिंडे निकामी होणे आणि मृत्यू. माणसाला दहा मिलिग्रॅमपासून पुढचे कितीही प्राणघातक ठरू शकते.

कुणी, विशेषतः लहान मुलाने, किडा गिळला तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका आणि दूध किंवा तूप पाजू नका. विषावर तूप हा आपल्याकडचा हुकमी इलाज, पण इथे स्निग्ध पदार्थाने विष जास्त शोषले जाते. सरळ रुग्णालय गाठा, किडा उरला असेल तर बाटलीत सोबत न्या.

औषध म्हणून याचा रास्त उपयोग एकच सांगता येईल. लहान मुलांना मोलस्कम नावाचे मोत्यासारखे विषाणूजन्य पुटकुळे येतात, त्यांवर डॉक्टर स्वतःच्या हाताने ०.७ टक्के कँथरिडिनचा द्राव टोचल्यासारखा थेंबभर लावतात आणि ठरल्या वेळी धुऊन काढायला सांगतात. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा औषधाला मान्यता मिळाली. मोजून लावायचा तो थेंब कुठे आणि बाजारातल्या पुडीतले न मोजलेले किडे कुठे. केसांच्या तेलाबद्दल विचारलेत, तर रस्त्यावरच्या बाटलीत कँथरिडिन नसेल तर पैसे वाया आणि असेल तर टाळूवर फोड.

प्रश्न (नागपूर): विषाचा साठा हिंगा आणतो कुठून? फुलांतून का?

उत्तर: नाही, तो स्वतःच तयार करतो. मोठ्या भुंगेऱ्यांत हे काम मुख्यतः नराचे. मीलनाच्या वेळी तो विषाचा मोठा वाटा मादीला देतो आणि मादी त्यातला काही भाग अंड्यांना लावते, म्हणजे मातीतल्या मुंग्या-किड्यांनी ती खाऊ नयेत. फुलांवर तासन्‌तास जोडीने चिकटून बसलेले हिंगे दिसतात ना, तेव्हा हीच देवाणघेवाण चाललेली असते. सकाळच्या वेचणीत अशी जोडी एकाच टिचकीत दोघांसह बादलीत पडते.